पडद्यामागची सत्तेचाळीस कामं

३ ऑक्टोबर, सोमवार

अखेर न्याय झाला. मादाम बेय्यांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, आजपासून सर्व्हरचा इनचार्ज तिजानी. म्हणजे मी. या लॅबमध्ये बावीस वर्षं काढली, तेव्हा कुठे. टाळ्या वाजल्या नाहीत. पण स्फाक्समध्ये कामाच्या वेळेत टाळ्या वाजवायची पद्धत नाही.

मादाम असंही म्हणाल्या, की सर्व्हर हळू चालतो ही तक्रार सगळ्यात जास्त तुमचीच असते, तर आता तुम्हीच निस्तरा. बोलण्याची त्यांची एक पद्धत आहे. त्याचा अर्थ विश्वास असाच.

सर्व्हर हळू का, हे मला आधीपासून माहीत होतं. शिस्त नाही. इथे जो तो टर्मिनलमध्ये सेशन उघडतो, त्यात समुद्राचं काहीतरी गणित लावतो आणि ते डिटॅच करून घरी जातो. म्हणजे पडदा ओढून घ्यायचा. माणूस घरी, गणित पडद्यामागे चालू. दुसऱ्या दिवशी येऊन पडदा सारला की काम जिथल्या तिथे. सोय उत्तम. पण काम संपल्यावर सेशन बंद करायचं असतं, हे कोणाच्या गावीही नाही. ती सगळी तशीच मेमरी खात बसतात. त्यात सगळ्या लॅबचं मिळून खातं एक, पासवर्ड एक. वेगळी खाती कशी काढायची हे ज्याला येत होतं तो अकरा साली कॅनडाला गेला.

यादी काढली. सत्तेचाळीस सेशन्स.

माझ्या नावाचं एकही नाही. समाधान वाटलं.

संकल्प: रोज पाच बंद करायची. शेवटच्या दिवशी सात. १४ तारखेला सर्व्हर आरशासारखा लख्ख.


४ ऑक्टोबर, मंगळवार

नोटीस लिहिली. मसुदा चार वेळा बदलला. शेवटी दारावर लावली: ज्यांना आपलं सेशन वाचवायचं आहे त्यांनी इनचार्जकडे लेखी नाव द्यावं. बाकी सर्व सेशन्स इनचार्ज स्वतः संपवतील.

शेजारच्या टेबलावरच्या नझीहने ती बातम्या देतात तशा आवाजात मोठ्याने वाचली. मग अदबीने 'सी' लावून विचारलं, स्वतः म्हणजे तुम्ही स्वतःच का, सी तिजानी? म्हटलं, हो, स्वतः. तो लगेच उठून बाकीच्यांशी कुजबुजायला गेला. जरब बसली.

आज पाच बंद करायची होती. नोटिशीत दिवस गेला. उद्या दहा.


५ ऑक्टोबर, बुधवार

काय परिणाम! यादीत आज फक्त एकोणचाळीस. मी बोटही न लावता आठ सेशन्स गेली. नुसत्या नोटिशीने.

लॅबमध्ये दिवसभर धावपळ. नझीह हार्ड डिस्कमध्ये काहीतरी भरून घेत होता. बाकीचेही तेच करत होते. विचारलं तर म्हणाला, बॅकअप, सी तिजानी, बॅकअप. एका दिवसात ही शिस्त. मादाम बेय्यांना हे आधीच सुचायला हवं होतं.

आठ गेलीच आहेत, तेव्हा माझा आजचा कोटा पूर्ण धरला. उलट तीन जास्तच.


६ ऑक्टोबर, गुरुवार

उरलेल्यांचा अभ्यास. नावं वाचून माणूस कळतो. "बघू". "बघू-२". "हे-नको". "शेवटचं". "शेवटचं-खरंच". "उद्या". "उद्या-नक्की". हा कोण आळशी माणूस? एकाच माणसाची असणार, स्वभाव एकच दिसतो.

प्रत्येक सेशनपुढे ते उघडल्याची तारीख असते. बघितलं तर बरीचशी शनिवारची. शनिवारी लॅबला सुट्टी. शनिवारी मी एकटा येतो, घरी पाहुणे असले की. म्हणजे हा इसम मी इथे बसलेलो असतानाच लपूनछपून येऊन सेशन्स उघडतो आणि मला पत्ता लागू देत नाही. हुशार आहे. पण गाठ माझ्याशी आहे.

एक सेशन "दलिला-वाढदिवस" नावाचं. लॅबमध्ये आणखी कोणाची तरी बायको दलिला नावाची आहे. कमाल आहे, बावीस वर्षांत कळलं नाही.

बंद केली: शून्य. तपासाआधी पुरावा नष्ट करत नाहीत.


७ ऑक्टोबर, शुक्रवार

आत काय आहे ते पाहून मगच बंद करायचं ठरवलं. त्यासाठी तपासणीचं स्वतंत्र सेशन उघडलं. त्यातून "बघू" मध्ये शिरलो. "बघू" मधून "हे-नको" मध्ये. मग बाहेर पडायची बटणं दाबली तर सगळ्यात बाहेरचा पडदा ओढला गेला आणि आतले दोन एकमेकांत अडकून तसेच राहिले. सोडवण्यासाठी नवं सेशन उघडलं. त्यातही अडकलो.

सरळ 'एक्झिट' का करत नाही, असं नझीहने विचारलं. त्याला समजावलं की एक्झिट म्हणजे कायमचं बंद. अर्धी तपासणी कायमची बंद करणं बेजबाबदारपणाचं. मी डिटॅच करतो. तो म्हणाला, तुमच्यासारखा पाहुणा असावा, सी तिजानी, जातानाही दार लावून घेत नाही. विनोद बरा होता. हसलो नाही.

उद्या मौलिद, पैगंबरांचा जन्मदिवस. घरी असीदा ढवळायचं काम माझ्याकडे आहे. दलिलाने बजावलंय, लगदा ढवळायला घेतलात तर मध्येच सोडून उठायचं नाही.


८ ऑक्टोबर, शनिवार

मध्येच उठलो. दोन मिनिटं. असीदा खाली लागली. दलिला म्हणाली, तुम्ही कशातूनच नीट बाहेर पडत नाही आणि कशातच नीट राहत नाही. वरची वरची खाल्ली. चांगली होती.


१० ऑक्टोबर, सोमवार

यादी: चव्वेचाळीस. पाच वाढली. सुट्टीच्या दिवसांत कोणीतरी आलं होतं, किंवा ही सगळी माझी शुक्रवारची तपासणी सेशन्स असतील. दोन्ही शक्यता लिहून ठेवल्या.

एक बोलण्यासारखी गोष्ट. लॅब फार शांत आहे. आठवड्यात एकाही माणसाची तक्रार नाही. पूर्वी दर अर्ध्या तासाला कोणीतरी ओरडायचं, सर्व्हर मेला, सर्व्हर मेला. आता कोणाला सर्व्हरची आठवणसुद्धा येत नाही. चांगल्या व्यवस्थेचं हेच लक्षण.

लेखी नावं मात्र एकानेही दिली नाहीत. भीडस्त माणसं.


११ ऑक्टोबर, मंगळवार

उमैमाला विचारलं, तुझं काही राखायचं आहे का. हे मी तिला चार तारखेपासून रोज सकाळी विचारतो आहे. कारण या लॅबमध्ये खरं राखण्यासारखं एकच काम आहे, ते तिचं. मुलगी केरकेना बेटावरची. वडील समुद्रात खजुराच्या झावळ्यांचे कूड रोवून मासे धरतात. कूड कुठे रोवायचा हे पाणी कुठून वाहतं त्यावर. हिने वीस वर्षांच्या भरती-ओहोटीचं गणित मांडलंय, त्यावर डॉक्टरेट. २८ तारखेला आकडे परीक्षकांकडे गेले पाहिजेत. गणित मध्येच मेलं तर पुन्हा पहिल्यापासून, वीस दिवस. म्हणजे वर्ष गेलं, शिष्यवृत्तीही गेली.

तिने नझीहकडे बघितलं. मग म्हणाली, आहे, सी तिजानी, अर्ध्या तासात यादीत दिसेल. फक्त ते बंद पडू देऊ नका.

अर्ध्या तासाने यादीत "उमैमा" नावाचं सेशन आलं. तारीख आजची दाखवतंय, पण ते हलवाहलव केली असेल म्हणून.

खरं सांगायचं तर छाती भरून आली. इतक्या वर्षांत कोणी माझ्याकडे काही सांभाळायला दिलं नव्हतं.


१२ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी पहिलं काम, "उमैमा" मध्ये डोकावलो. फक्त बघितलं, बोटं टेबलाखाली. काळ्या पडद्यावर आकड्यांचे तीन रकाने वाहतायत. मला भरती-ओहोटीचं गणित येत नाही, पण दहा मिनिटांत मर्म ध्यानात आलं. तिसरा आकडा एकेकाने चढतो, एकोणसाठपर्यंत जातो आणि परत शून्यावर. लाट आली, फुटली. आणि ती फुटली रे फुटली की मधला आकडा एकाने वाढतो. म्हणजे किनाऱ्याला पाणी एक बोट चढलं. पहिला रकाना फार सावकाश. सकाळी नऊ होता, जेवायच्या सुट्टीत बारा, घरी निघताना सतरा. दिवस वर येतो तसा समुद्र वर येतो.

याला म्हणतात गणित. आम्ही उगाच शाळेत रडलो.


१३ ऑक्टोबर, गुरुवार

घरी निघताना पहिला रकाना बरोबर सतरा. कालही सतराच होता. भरती इतकी वक्तशीर असते हे माहीत नव्हतं. उमैमाला तसं म्हटलं. तिला एकदम ठसका लागला, पाणी आणून दिलं. अभ्यासाने प्रकृतीकडे दुर्लक्ष होतं या मुलींचं.


१४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज सर्व्हर लख्ख व्हायचा होता. यादी: एक्कावन्न.

पण आकड्यांवरून काम मोजणं बरोबर नाही. तपासणी चालू आहे, तपासणीला सेशन लागतं.

मादाम बेय्यांनी दारातून विचारलं, कुठवर आलं? म्हटलं, निर्णायक टप्पा. त्या म्हणाल्या, तीन तारखेला सत्तेचाळीस होती ना? म्हटलं, होती, पण तेव्हा व्यवस्था नव्हती. त्या दार ओढून गेल्या.


२० ऑक्टोबर, गुरुवार

चार-पाच दिवस लिहायला जमलं नाही. "उमैमा" वर दिवसातून सहा वेळा नजर. बाकीचं तपासत होतो. यादी: चौसष्ट.

आज शेवटी ते "दलिला-वाढदिवस" उघडलं. आत एकच ओळ: "१९ ऑक्टोबर! या वर्षी विसरायचं नाही! अंगठी!" काल सकाळी आठपासून दर मिनिटाला तीच ओळ. पडद्यामागे. जिथे कोणालाच दिसणार नाही.

काल एकोणीस होती.

तर हे सेशन माझं. एक. एखादं राहून जातं कोणाकडूनही. बाकीच्या बासष्टांशी माझा संबंध असल्याचा पुरावा नाही, "उमैमा" तर नाहीच.

घरी जाताना अंगठी घेतली. दलिला म्हणाली, काल दिवसभर मी वाट पाहिली, आणि तुम्ही रात्री जेवताना मला लाटा फुटतात कशा ते सांगत होता. अंगठी बोटात घालून बघितली मात्र. ढिली होते.


२१ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी १०

ठरलं. एकेक बंद करत बसायचं नाही. आज स्क्रिप्ट लिहिली. सहा ओळींची. एका फाईलमध्ये वाचवायच्या सेशन्सची नावं. स्क्रिप्टने ती नावं वगळायची आणि बाकी सगळी संपवायची. वाचवायच्या यादीत नाव एकच, कारण अर्ज कोणाचाच नाही: "उमैमा". ते मी माझ्या हाताने लिहिलं. दोनदा तपासलं, नाव बरोबर आहे.

साडेअकराला चालवतो. त्रेसष्ट जातील, एक राहील. बारा वाजता मादाम बेय्यांना रिपोर्ट. मग चण्यांची गरम लबलाबी, तिखट हरीसा जास्त घालून. आज कमावली आहे.


त्याच दिवशी, ११.४०

बंद केली: १. शिल्लक: ६३.

आधी वाटलं, रकाने उलटे छापले गेले.

नाही छापले. नावं वगळण्याचा जो स्विच असतो, तो मी लावलाच नाही. तो लावला नाही की संगणक वगळत नाही, तेवढीच नावं वेचून काढतो. त्याने यादी वाचली, "उमैमा" शोधलं, आणि ते संपवलं. फक्त तेच. बाकी कचऱ्याच्या केसालाही धक्का नाही.

पुन्हा यादी काढली. मग पुन्हा. अकरा वेळा काढली. नाही ते.


त्याच दिवशी, दुपारी ३

सांगायला उठलो होतो. खरंच उठलो होतो. तेवढ्यात तीच आली, हातात पुडा. वडिलांनी सुकवलेला ऑक्टोपस फेरीबोटीने पाठवलाय, सी तिजानी, तुमच्यासाठी वेगळा काढलाय. मग विचारलं, माझं चालू आहे ना? मी म्हटलं, जोरात.

पुडा टेबलावर आहे. लबलाबी खाल्ली नाही.


२२ ऑक्टोबर, शनिवार

घरी कुसकुस होता. तसाच राहिला. दलिलाने ताटाकडे पाहिलं आणि म्हणाली, कोण गेलं? म्हटलं, एक सेशन. सगळं सांगितलं. ती म्हणाली, सोमवारी जाऊन त्या पोरीला सांगा. जितका उशीर कराल तितके तिचे दिवस जातील.

बरोबर आहे तिचं. लागणार वीस दिवस, राहिले किती? सहा. मुलीचं वर्ष माझ्यामुळे गेलं. बेटावर तो बाप पाण्यात उभा राहून कूड बांधत असेल आणि त्याला वाटत असेल, पोर डॉक्टर होणार. मला आज स्वतःची लाज वाटली, आणि ती कुठे ठेवावी कळेना.

संकल्प: सोमवारी नऊ वाजता सांगायचं.


२४ ऑक्टोबर, सोमवार

नऊ वाजता उमैमा कामात होती. दहा वाजता मी कामात होतो.

मधल्या काळात एक तात्पुरती व्यवस्था केली. तिने चुकून यादी काढलीच तर धक्का बसू नये म्हणून "उमैमा" नावाचं नवं सेशन उघडलं. रिकामं कसं ठेवणार? तीन रकाने हवेत, शेवटचा एकोणसाठपर्यंत चढून शून्यावर यायला हवा. बराच वेळ डोकं खाजवलं, मग एक साधी युक्ती सुचली. संगणकाचं घड्याळ! तास, मिनिट, सेकंद, तीन रकान्यांत छापायचे. एका ओळीचं काम.

चालवून पाहिलं. हुबेहूब. म्हणजे इतकं हुबेहूब की मीच चकित झालो. घरी निघताना पहिला रकाना सतरा! खऱ्या गणितातही या वेळी सतराच असायचा. योगायोग तरी किती असावा माणसाच्या आयुष्यात.

सांगायचं उद्यावर गेलं.


२५ ऑक्टोबर, मंगळवार

नझीह माझ्या खांद्यावरून बघत होता. ते सेशन पाहून म्हणाला, अरे वा, अजून चालू आहे का हे? म्हटलं, का नसावं, इनचार्ज कोण आहे? बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला, खांदे हलत होते. त्याला दम्याचा त्रास आहे की काय.

दलिलाने फोन करून विचारलं, सांगितलंत? म्हटलं, वातावरण तयार करतोय. ती म्हणाली, उद्या मी स्वतः येते लॅबमध्ये आणि सांगते. ती येईल. ती कुठेही येईल.


२६ ऑक्टोबर, बुधवार

सांगितलं.

उमैमाला कॉरिडॉरमध्ये गाठलं. पाठ करून गेलो होतो, विसरलो. सरळ म्हटलं, पोरी, तुझं गणित शुक्रवारी माझ्या हातून मेलं, चूक माझी, तू म्हणशील तर मी तुझ्याबरोबर फेरीबोटीने येतो आणि तुझ्या वडिलांसमोर उभा राहतो, परीक्षकांना पत्र लिहून देतो, मादामकडे राजीनामा देतो, आणि तिथे आत्ता जे चालू दिसतंय ते गणित नाही, ते मी लावलेलं घड्याळ आहे.

ती म्हणाली, घड्याळ?

हो म्हटलं. तास, मिनिट, सेकंद. तुझे आकडे दिसायचे तसेच दिसावेत म्हणून.

ती म्हणाली, दिसायचे तसेच दिसणार, सी तिजानी. मीही घड्याळच लावलं होतं.

मला आधी कळलं नाही. ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. मग एकेक सांगितलं. तिचं गणित चार तारखेच्या दुपारीच महदियाच्या लॅबमधल्या वेगवान मशीनवर गेलं. नोटीस लागली त्या दुपारी. नझीहचंही तिकडेच. सगळ्यांचंच. तिचं गणित अठरा तारखेला पूर्ण झालं, आकडे परीक्षकांकडे पोचले, त्यांनी वाचलेसुद्धा.

मी कॉरिडॉरमधल्या खुर्चीत बसलो. आधी एकच वाटलं, मुलीचं वर्ष वाचलं. देवाची कृपा, वर्ष वाचलं. असं पाच मिनिटं वाटलं आणि ती पाच मिनिटं या महिन्यातली सगळ्यात चांगली. त्यानंतर बाकीचं समजत गेलं.

विचारलं, मग मला ते घड्याळ कशाला दिलंस? म्हणाली, तुम्ही रोज सकाळी येऊन विचारायचात, राखायला काही आहे का. पाच वेळा नाही म्हटलं. सहाव्या वेळी म्हणवेना.

हेही म्हणाली, की मी कधीच म्हटलं नव्हतं हं, की ते गणित आहे. ते खरं आहे. रोजनिशी चाळून बघितली. मीच म्हटलं होतं.

विचारलं, आणि ती बाकीची त्रेसष्ट? नझीह पाणी प्यायला आला होता, तो म्हणाला, सी तिजानी, चार तारखेनंतर त्या सर्व्हरवर तुमच्याशिवाय आहे कोण?


२७ ऑक्टोबर, गुरुवार

मादाम बेय्या सर्व्हरच्या खोलीत आल्या. विचारलं, यावर कोणाचं काही आहे? कोणाचंच नव्हतं. मीही मान हलवली. त्यांनी एक बटण दाबून धरलं. पंखा थांबला. मग पुन्हा दाबलं.

दोन मिनिटांत यादी: शून्य.

सुरुवातीलाच हे का नाही केलं, असं मी अदबीने विचारलं. म्हणाल्या, तुम्ही निर्णायक टप्प्यावर होता ना.

राजीनामा देऊ केला. म्हणाल्या, नोकरी राहू द्या, तिजानी, सर्व्हर मात्र दुसरं कोणीतरी बघेल. त्यांनी तो वाचला मात्र, आणि म्हणाल्या, तुमची भाषा चांगली आहे, नोटिशी तुम्हीच लिहीत जा.

ऑक्टोपस दलिलाने टोमॅटोच्या रश्शात केला. दोनदा मागून घेतला. ती म्हणाली, ज्याचं काहीच बिघडवलं नाही त्याचं मन लावून खावं.


३१ ऑक्टोबर, सोमवार

सगळ्यांची कामं महदियाहून परत आली. सर्व्हर वाऱ्यासारखा पळतोय. नवी इनचार्ज उमैमा. तिने शनिवारी घरी बसून वेगळी खाती कशी काढतात ते शिकून घेतलं. एका दिवसात. आज प्रत्येकाला स्वतःचं खातं, स्वतःचा पासवर्ड. नोटीस मी लिहिली, नझीहने मोठ्याने वाचली, या वेळी बऱ्या आवाजात.

मलाही खातं मिळालं. जरा निराळं. नझीह वगैरेंना फक्त आपापली सेशन्स दिसतात. मला सगळ्यांची दिसतात, प्रत्येकाच्या पडद्याआड डोकावता येतं. मात्र फक्त बघण्यापुरतं. उमैमा म्हणाली, तुम्ही निर्धास्त बघा, सी तिजानी, कुठलंही बटण दाबलंत तरी काही होणार नाही.

विचार केला तर हे देखरेखीचंच पद. लॅबमध्ये हा अधिकार दुसऱ्या कोणाला नाही. मादाम बेय्यांनासुद्धा नाही.

दहा वाजता नझीहच्या सेशनमध्ये जाऊन दाबून बघितलं. खरंच काही होत नाही.